नेरिमानबाईंचा निरोप

"म्हणजे दोघी बोलतच नव्हत्या? अकरा वर्षं?" मालनबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"अकरा वर्षं," इसाक म्हणाला. "एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात."

"आणि काही सांगायचं असलं म्हणजे?"

"मांजराला सांगायच्या." इसाकने वही डोळ्यांजवळ धरली. "सासू मांजराला म्हणायची, 'सांग गं तिला, भाजीत मीठ जास्त पडलंय.' सून मांजराला म्हणायची, 'सांग त्यांना, गोळ्या वेळेवर घेतल्या तर जीभ ठिकाणावर येईल.'"

पलीकडच्या बेडवर पुंजा आहेर इतक्या जोरात हसला की त्याचं मशीन केकाटायला लागलं. पूजा सिस्टर धावत आल्या. "बाबा, हात हलवू नका म्हणून किती वेळा सांगायचं? सुई निघेल ना! आणि काका, तुम्ही जरा रडक्या गोष्टी आणत जा हो."

सगळे हसले. इसाकची बायको खुर्शीदा तेवढी हसली नाही. तिचे डोळे मिटलेले होते. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यांतून निघालेल्या लाल नळ्या मशीनकडे गेलेल्या. तिला झोप लागलीय असं नवख्याला वाटलं असतं, पण इसाकला ठाऊक होतं. ती चूक शोधत होती.

"'पडलंय' नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "सासूच्या तोंडी मीठ आपोआप पडत नसतं. 'टाकलंय' करा."

इसाकने कानामागची पेन्सिल काढली, शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि पुढे वाचू लागला.

गंगापूर रोडवरच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस, सकाळी आठ ते बारा, हे असं चालायचं. आठ मशीन, आठ माणसं, आणि स्टुलावर बसून तुर्कस्तानातल्या गोष्टी मराठीत वाचणारा एक रिटायर फिटर.

इसाक पिंजारी मूळचा देवळ्याचा. आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात लागला तो एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला. आयुष्यात वेगळं असं एकच घडलं. २००६ साली कंपनीने नवीन प्रेस घेतली आणि ती शिकायला त्याला अकरा महिने तुर्कस्तानातल्या बुर्सा गावी पाठवलं. तिथे मशीनवर त्याच्या जोडीला जो कामगार होता त्याने दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या हातात गोष्टींचं एक मासिक ठेवलं. 'पेपर वाचून भाषा येत नाही,' तो खुणांनी आणि अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी म्हणाला होता, 'माणसं चिडतात कशी, ते गोष्टीत कळतं.' इसाकला मशीन आठ महिन्यांत आलं. भाषा मात्र त्याने परत आल्यावरही सोडली नाही. येताना बॅगेत बायकोसाठी शाल, मुलीसाठी बाहुली आणि स्वतःसाठी चौदा पुस्तकं होती.

त्याची मराठी बेताची होती. शाळा उर्दूची, तीही दहावीपर्यंत. मराठी होती ती खुर्शीदाची. देवळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिने अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवली. घरात दोघं आपली सरमिसळ हिंदी बोलायचे, पण वही उघडली की मराठी. इसाक ओबडधोबड मराठीत गोष्ट आणून तिच्यापुढे टाकायचा आणि ती त्याला रंधा मारायची. "पाहुणा आला म्हणायचं की मुसाफिर आला? रस्त्याने जाणाऱ्याला कुणी घरात गादी घालून देतं का?" मग इसाक डिक्शनरी उघडायचा आणि खजील व्हायचा. तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणाच. शब्द ओळखीचा दिसला म्हणून तो अर्थ न बघताच पुढे गेला होता.

असे त्यांचे सोळा-सतरा वर्षांत अकरा वह्या भरून अनुवाद झाले. छापायला कुणाकडे नेले नाहीत. खुर्शीदाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि सेंटरच्या चकरा सुरू झाल्या, तेव्हा चार तास करायचं काय म्हणून इसाक वही घेऊन गेला. पहिल्या दिवशी तिच्यापुरतं वाचलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनबाईंनी टीव्हीचा आवाज बंद करायला लावला. महिनाभरात गोष्टीच्या मधल्या भागात कुणाचं मशीन आधी संपलं तर ते माणूस सुया काढल्यावरही दंडावर कापूस दाबून बसून राहायचं.

लोकांना सगळ्यांत आवडायच्या त्या नेरिमानबाईंच्या गोष्टी. या बाई दक्षिणेकडच्या अंताक्या नावाच्या शहरात राहायच्या. वय अडुसष्ट. पन्नाशी उलटेपर्यंत औषधांचं दुकान चालवलं, मग लिहायला लागल्या. एका गोष्टीतला एक शब्द अडला म्हणून इसाकने त्यांच्या प्रकाशकामार्फत भीत भीत पत्र धाडलं होतं. बाराव्या दिवशी बाईंचं स्वतःचं उत्तर आलं. शब्दाचा अर्थ दोन ओळींत, आणि खाली प्रश्न : 'तुमच्या पत्रात तुम्ही दोनदा 'आम्ही' लिहिलंय. दुसरं कोण?'

दुसरं कोण हे कळल्यावर बाईंना इसाकमध्ये फारसा रस उरला नाही. पत्रं खुर्शीदासाठी येऊ लागली. इसाक मधला पोस्टमन; मोबाइलवर आलेलं तुर्की पत्र मराठीत कागदावर उतरवून तिला द्यायचा, तिचं उत्तर तुर्कीत धाडायचा. गुडघे कुणाचे जास्त दुखतात, डाळिंबाचं काय काय करतात, शाळेतली पोरं खोटं बोलली तर कसं ओळखायचं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. एकदा बाईंनी आवाज पाठवला तेव्हा खुर्शीदाने तो चारदा ऐकला. त्यातलं 'सेलाम' आणि 'इन्शाल्लाह' एवढंच तिला कळलं. "खोकतेय हो ती," मात्र ती म्हणाली. "विचारा तिला, औषध घेते का. दुसऱ्यांना विकलं जन्मभर."

पुढे वॉर्डही आपले प्रश्न धाडू लागला. पुंजाचं शेत देवळ्याजवळ, कांद्याचं. त्याने विचारलं, "त्या बाईला म्हनावं, तुमच्याकडं कांदा पिकतो का?" बाईंनी लिहिलं, पिकतो. 'आणि पुंजाभाऊंना विचारा, शेतात एकटे असताना ते कुणाशी बोलतात?' पुंजाने विचार करायला दोन दिवस मागितले. शनिवारी म्हणाला, "लिहा. आधी बैलांशी बोलायचो. ट्रॅक्टर आल्यापासून कोनाशीच नाय."

त्या दोघी आणि मांजराची गोष्ट निम्मी झाली होती, तेव्हा फेब्रुवारी लागला.

सोमवारी सकाळी इसाकने मोबाइल उघडला आणि पहिलीच बातमी भूकंपाची दिसली. गावांच्या यादीत अंताक्या होतं. त्याने लगेच मेसेज पाठवला. एक टिक आली. दुपारी एकच होती. रात्रीही एकच.

टीव्हीवर सगळं दिसत होतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी सेंटरमध्ये कुणी गोष्ट मागितली नाही. "त्या बाईंचा काही निरोप?" एवढंच प्रत्येकाने एकेकदा विचारलं. गुरुवारी तेच. शनिवारी तेच.

नवव्या दिवशी इसाक सातपूरच्या गिरणीत दळणाला नंबर लावून बसला होता. पुढे दोन डबे होते. मोबाइल थरथरला. नेरिमानबाईंच्या प्रकाशकाच्या ऑफिसातून चार ओळी आल्या होत्या. गिरणीच्या धडधडाटात त्याने त्या वाचल्या आणि सवयीने डोक्यात मराठी सुरू झाली. सहा तारखेच्या पहाटेच इमारत कोसळली. त्यांचा मृतदेह काल सापडला. सापडला, की मिळाला? मनाशी तो शब्द पारखत राहिला, आणि मग आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला ओरडला, "चाचा, ज्वारी तुमचीच ना? आणा की!"

गरम पिठाचा डबा घेऊन तो घरी आला. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की खुर्शीदाचं हृदय पंचवीस टक्क्यांवर चाललंय, तिला जपा, मनाला लागेल असं काही नको. हे वाक्य त्याने वाटेत चार-पाचदा घोकलं.

खुर्शीदा कॉटवर बसून मेथी निवडत होती. "काही कळलं?"

"अंकाराला आहेत," इसाक म्हणाला. "बहिणीकडे. सुखरूप."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "या अल्लाह," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. दहा दिवसांत पहिल्यांदा ती त्या रात्री पोटभर जेवली.

मग पत्र लिहिणं आलंच. इसाकने ते दुपारी, ती झोपली असताना, टेबलापाशी बसून लिहिलं. आजवर त्याने समोर तुर्की असल्याशिवाय एक ओळही लिहिली नव्हती. त्याला वाटलं होतं, हात अडेल. हात अडला नाही. बाई अंकाराला कशा पोहोचल्या, बहिणीच्या घरी हीटर कसा कुरकुरतो, जुन्या दुकानाच्या किल्ल्या अजून पर्समध्ये कशा आहेत, सगळं भराभर उतरत गेलं. शेवटी त्याने लिहिलं, 'खुर्शीदा, तू माझी काळजी करू नकोस. तू बरी हो.' पान पूर्ण झालं तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटली.

वॉर्डात ते वाचलं गेलं. मालनबाईंनी हात जोडले. पुंजा म्हणाला, "घर पडलं तर पडलं. घर काय, पुन्हा बांधता येतं. जीव वाचला ना, मंग झालं." मार्चमध्ये दुसरं पत्र झालं. मार्च संपता संपता तिसरं. मांजराची गोष्ट मात्र इसाकने पुढे नेली नाही. "डोळ्यांना त्रास होतोय," तो सांगायचा.

रमजान लागला होता. खुर्शीदाला रोजे झेपण्यासारखे नव्हते. दुपारी ती खिडकीपाशी पडून होती, छातीवर नेरिमानबाईंच्या पत्रांची फाइल. जुनी पत्रं आणि नवी, एकेक काढून वाचत होती. इसाकने वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, मोरीतला नळ सोडला, तशी ती म्हणाली,

"अहो, या तीन पत्रांत एकही प्रश्न नाही."

"कसला प्रश्न?"

"या बाईने मला काही विचारल्याशिवाय कधी पत्र संपवलं नव्हतं. एकोणीस पत्रं आहेत. एकोणिसांत प्रश्न आहे. या तिन्हींत नुसता धीर दिलाय." तिने चष्मा काढला. "धीर कोण देतंय मला?"

इसाक मोरीच्या दारात उभा होता. नळ सुरूच राहिला होता.

"कधी?" तिने विचारलं.

"सहा तारखेला. त्याच पहाटे."

"आणि आज काय आहे?"

"अठ्ठावीस मार्च."

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "पन्नास दिवस. पन्नास दिवस मी तिला म्हणत होते, तिथे थंडी असेल, पायमोजे घाल."

"डॉक्टर म्हणाले होते, खुर्शीदा. तुझ्या हार्टला..."

"धक्का माझा होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात चढवायची तसासुद्धा नाही. "माझी मैत्रीण गेली. रडायचं मी होतं. तुम्ही कोण ते ठेवून घेणारे? आणि तिच्या तोंडी शब्द घातलेत. मेलेल्या बाईच्या. आपण एका शब्दासाठी आठ-आठ दिवस थांबायचो, तिचं आहे ते तिचंच राहावं म्हणून."

इसाक कॉटच्या कडेला टेकला. "तू त्या दिवशी जेवलीस," तो एवढंच म्हणाला.

"जेवले," खुर्शीदा म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मग तिचे खांदे हलू लागले. इसाकने हात पुढे केला, तो तिने झटकला नाही. पण धरलाही नाही.

दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. गुरुवारी सेंटरमध्ये सुया लागल्यावर तिने पूजा सिस्टरला टीव्ही बंद करायला सांगितला. "यांना काही सांगायचंय," ती म्हणाली.

इसाक स्टुलावरून उठला. कारखान्यात सुपरवायझरपुढे उभा राहायचा तसा उभा राहिला आणि त्याने सांगितलं. सगळं. गिरणीतलं, तीन पत्रांचं. मालनबाई रडू लागल्या. एक हात नळ्यांत बांधलेला, दुसऱ्याला बीपीचा पट्टा. डोळे पुसता येईनात म्हणून पूजा सिस्टरने पुसले.

"पिंजारीभाऊ," पुंजा म्हणाला, "तिला कोन होतं का तिकडं? रडाया?"

"बहिणीचं मीच रचलं होतं. पुतण्या आहे म्हणतात. परदेशात."

"मंग आपुनच," पुंजा म्हणाला, आणि त्याने टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

शुक्रवारी खुर्शीदाने नेरिमानबाईंसाठी घरी फातिहा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची दुआ, दिला. रव्याचा शिरा तिने स्वतः भाजला. इसाकला ढवळूही दिला नाही. नेरिमान बिन्ते कोण, म्हणजे कुणाची मुलगी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. बापाचं नाव कधी पत्रात आलंच नव्हतं. खुर्शीदा नुसतं 'नेरिमान, दवा देणारी' म्हणाली.

संध्याकाळी तिने फाइल मागवली. ती तीन पत्रं वेगळी काढली. फाडून टाकेल असं इसाकला वाटलं. तिने पर्समधून लाल पेन काढलं आणि प्रत्येकाच्या माथ्यावर सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं : लेखक – इसाक पिंजारी.

"ही तिच्या फाइलीत नकोत," ती म्हणाली. "ही तुमची आहेत. वेगळी ठेवा." मग चष्मा काढता काढता म्हणाली, "भाषा बरी आहे. हीटरचं चांगलं लिहिलंय."

त्या रात्री ती त्याच्याशी पुन्हा बोलू लागली.

मांजराची गोष्ट मेमध्ये पुरी झाली. वॉर्ड कान टवकारून बसला होता. मांजर म्हातारं होऊन मरतं. दोघी त्याला मागच्या अंगणात पुरतात, एकीच्या हातात फावडं, एकीच्या हातात कापड, तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सून चहा करते. सासू मांजराच्या रिकाम्या चटईकडे बघून म्हणते, 'सांग गं तिला, चहा चांगला झालाय.' आणि सून म्हणते, 'ऐकू आलं.'

"बस?" मालनबाईंनी विचारलं.

"बस," इसाक म्हणाला.

त्याने पेन्सिल हातात घेऊन खुर्शीदाकडे पाहिलं. तिने मान हलवली. "याला हात लावू नका."

जुलैतल्या एका रविवारी, डायलिसिस नव्हतं त्या दिवशी, खुर्शीदा गेली. सकाळी तिने पाव आणि अर्धा कप चहा घेतला. मालेगावला लेकीशी, माहेनूरशी, फोनवर बोलली. नातीला शाळेच्या अभ्यासाचं विचारलं. मग "जरा पडते" म्हणाली. इसाक बाजारातून कोथिंबीर घेऊन आला तोवर सगळं संपलं होतं. दुपारी पाऊस थांबला तेव्हा तिला कब्रस्तानात नेलं. देवळ्याहून दोन माणसं आली होती, पन्नाशीची, तिचे विद्यार्थी. त्यांनी खांदा दिला आणि चहा न घेताच एसटीने परत गेली.

माहेनूर चाळिसाव्या दिवसाचा फातिहा होईस्तोवर राहिली. "अब्बा, चला मालेगावला," ती म्हणाली. तो म्हणाला, "बघू." ती गेल्यावर घरात काय करायचं ते त्याला कळेना. मंगळवारी सकाळी सात वाजता त्याची पावलं आपसूक दाराकडे वळायची. चप्पल घालून तो तसाच उभा राहायचा, मग काढायचा.

सप्टेंबरात पुंजाचा फोन आला. "भाऊ, काय चाललंय?"

"काही नाही. बसलोय."

"आमीबी बसलोय. मालनबाई इचारते." फोनमधून मशीनची घरघर ऐकू येत होती. "टीव्हीवर नुसती भांडनं लावतेत हो. येता का?"

"आता मी तिथे कशाला येऊ, पुंजाभाऊ?"

"कशाला ते मला नाय सांगता येत," तो म्हणाला. "या."

नेरिमानबाईंच्या पुस्तकातल्या तीन गोष्टी उरल्या होत्या. इसाकने त्यांतली एक काढली. दवाखान्याच्या धोबीखान्यात तीस वर्षं चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईची. दोन आठवडे तो त्या गोष्टीला घेऊन बसला. एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघायचा, थांबायचा, पुन्हा म्हणायचा. कुणी काही म्हणत नव्हतं. बरोबर असेल की नाही याचा अंदाज त्याला येत नव्हता. शेवटी त्याने वही बंद केली आणि गुरुवारी सकाळी गंगापूर रोडच्या बसमध्ये बसला.

सेंटरमध्ये पूजा सिस्टरने त्याला पाहिलं आणि काही न बोलता कोपऱ्यातलं स्टूल आणून ठेवलं. ठेवलं ते नेहमीच्याच जागी. खुर्शीदाच्या बेडवर आता एक बाई होती, चाळीस-बेचाळीसची, पेठ तालुक्यातली, भागीबाई नावाची. तिचा चौथाच दिवस होता. ती नळ्यांमधून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे टक लावून पाहत होती, पापणी न लववता.

"तुमचं मानूस कोनतं?" तिने इसाकला विचारलं.

इसाकने वही उघडली, चष्मा चढवला. "होतं," तो म्हणाला. "आता मी वाचायला येतो."

"काय वाचता?"

"गोष्ट. लांबच्या देशातली. एका बाईची."

भागीबाईने मान किंचित वळवली. "वाचा मंग," ती म्हणाली.

इसाक वाचू लागला. एक ओळ त्याने दोनदा वाचली. मग धोबीखाना आला, वाफ आली, चादरीची चार टोकं धरून समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बायका आल्या. मालनबाई कुशीवर झाल्या. पुंजाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या पानाच्या सुमाराला भागीबाईची नजर नळ्यांवरून ढळली, पापण्या जड झाल्या, आणि तिचा उजवा हात, जो इतका वेळ बेडची कड घट्ट धरून होता, तो सैल होऊन चादरीवर उताणा पडला.

इसाकने आवाज उतरवला, पान अलगद उलटलं, आणि तो पुढे वाचत राहिला.